मडक्यातला पेशंट

रविवारी दुपारी सीटी स्कॅनच्या खोलीकडे सहसा कोणी फिरकत नसे. तातडीचा पेशंट आलाच तर यंत्र सुरू करायचं, नाहीतर पेपर वाचत बसायचं. काकांची तीस वर्षं याच कामात गेली होती, आणि मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. त्या दुपारी मात्र त्यांची सख्खी पुतणी आली. हातात कपड्यांची प्लास्टिकची टोपली, टोपलीत फोम आणि फोममध्ये कलिंगडाएवढं एक मडकं.

"मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढलीय," ती धापा टाकत म्हणाली. "एवढा एक पेशंट बघा ना, काका."

पुतणी उत्खननावर कामाला होती. जुन्या वस्तीतल्या एका घराच्या जमिनीखाली, चुलीला अगदी खेटून, त्यांना हे मडकं सापडलं होतं. तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं. लिंपणाऱ्या बोटांचे ठसे अजून जसेच्या तसे, बारीक, बहुतेक बाईचे.

"आत काय आहे?"

"तान्हं मूल असावं. लहान मूल गेलं की ती माणसं त्याला लांब नेत नसत. घरातच ठेवत. चुलीजवळ का, ते कोणाला ठाऊक नाही. मला आपलं वाटतं, ऊब मिळावी म्हणून." उद्या आमचे उत्खननाचे सर मडकं फोडणार आहेत. आतलं नीट दिसलं, तर फोडायची गरज पडणार नाही. म्हणून पळत आले."

काकांनी मडकं टेबलावर ठेवलं, चारी बाजूंनी फोम ठासला, पट्टे आवळले. मग ते काचेपलीकडच्या खोलीत येऊन संगणकासमोर बसले.

"वय काय लिहू?"

"साडेतीन हजार."

"अगं, हा रकाना तीनच आकडे घेतो!"

दोघंही खो खो हसली. टेबल सरकत यंत्राच्या गोल तोंडात गेलं. घरघर झाली, थांबली. पडद्यावर चित्र उमटलं आणि काकांच्या कपाळाला आठी पडली.

"हललं," ते सवयीने म्हणाले.

"मडकं?"

"नाही गं. मडक्याची कड बघ, सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. आतलं हललंय."

आत नुसता धुरकट पुंजका दिसत होता, कडा फरपटल्यासारख्या. काकांनी असले फोटो हजारदा पाहिले होते. छातीचा स्कॅन चालू असताना पेशंटने श्वास घेतला की हुबेहूब असंच येतं. पण हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. यंत्रातच खोट असेल म्हणून पाण्याची बाटली ठेवून पाहिली. बाटली लख्ख आली. मडकं परत ठेवलं. परत तोच धूर.

टेबलाजवळ वाकले तेव्हा त्यांना वास आला. थंड झालेल्या राखेचा. त्या खोलीत औषधांखेरीज कसलाही वास कधी येत नसे.

पुतणीला मात्र भीती शिवली नव्हती. ती पडद्याला नाक लावून बसली होती. "काका, श्वासाने असं होतं ना? खरं सांगा."

"हो."

"मग पेशंटला तुम्ही काय सांगता?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्यांनी माइकचं बटण दाबलं. रेकॉर्ड केलेला आवाज न लावता, लहान मुलांशी बोलायचे तसे ते स्वतःच हळूच बोलले, "बाळा… काही नाही होणार हं. एवढा श्वास… रोखून धर."

यंत्र घरघरलं. या वेळी चित्र आरशासारखं लख्ख आलं.

गुडघे पोटाशी घेतलेला इवलासा सांगाडा. जबड्यात, हाडाच्या आत, अजून वर न आलेले दुधाचे दात. "नऊ-दहा महिन्यांचं," पुतणी कुजबुजली. गळ्यात शिंपल्याच्या मण्यांची माळ. समुद्र तिथून महिनाभराच्या वाटेवर, म्हणजे कोणीतरी ते मणी कुठून कुठे आणले होते! तोंडापाशी चोच असलेली चिमुकली वाटी, दूध पाजायची. पुतणीचे डोळे भरून आले. दोघं बोटं दाखवत, मोजत, तर्क करत बसली. चहा आला, निवला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

"एक कोडं राहिलंच," ती म्हणाली. "त्याला आपली भाषा कशी कळली?"

"तान्ह्याला भाषा कुठे कळते? सूर कळतो. मी म्हटलं, रोखून धर…"

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"मी… सोड म्हटलंच नाही."

ते धडपडत माइककडे गेले. "सोड, बाळा. सोड आता. झालं हं…"

काचेपलीकडे मडकं निश्चल होतं. मग यंत्राच्या खोलीतलं ऐकवणाऱ्या स्पीकरमधून आवाज आला. हलका, लांबलचक, संपता संपेना असा. रडून रडून थकलेलं मूल झोपेत सोडतं तसा उच्छ्वास. राखेचा वास एकदम गडद झाला आणि विरला.

मडकं फोडलं नाही. फोटो पाहून सरांनी ते तसंच जपून ठेवायला लावलं.

महिन्याभराने पुतणीचा फोन आला. त्याच घरात आणखी तीन मडकी निघाली होती. ती दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत, तिथल्या यंत्राच्या काचेअलीकडे एकटीच उभी होती.

"फोटो धुरकट आले, काका. मग मी तुमच्यासारखंच म्हटलं, तुमच्याच सुरात. तिन्ही स्वच्छ आले."

"आणि सोड म्हणालीस ना?" काकांनी घाईने विचारलं.

"लगेच म्हटलं. तीन श्वास ऐकले. बारीक, एकामागोमाग एक. आणि मग… चौथा आला, काका."

"चौथा?"

"मोठ्या माणसाचा… बाईचा. पण तो स्पीकरमधून नाही आला."