गोळीच्या मशीनचा आवाज

सिद्धाप्पा रेडिओवाला दुकानाचं दार ओढून घेऊन गड्ड्याच्या जत्रेकडे निघाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काम किरकोळ होतं. धाकट्या भावाच्या, भीमाच्या, मशीनचा आवाज गेला होता.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. भीमा नऊ वर्षांपूर्वी मुंबईला पळाला, त्यानंतर त्याची एक ओळ आली नाही. या जत्रेला मात्र तो अचानक उगवला, सोबत बोटीवरून उतरलेलं पिनबॉलचं मशीन घेऊन. काचेखाली पोलादी गोळी धावायची, दिवे लुकलुकायचे, पण सगळं मुक्यानं. मुक्या खेळाला गिऱ्हाईक कुठलं? त्यानं अव्वाला, म्हणजे आई निंगव्वाला, सांगून टाकलं होतं, "मशीन वाजलं तर हितंच ऱ्हातो. न्हाय तर गड्डा उठला की मी बी निघालो." तेव्हापासून म्हातारीनं सिद्धाप्पाच्या मागे टुमणं लावलं होतं. नऊ वर्षं अर्धपोटी काढलेली बाई आता दोन-दोन भाकरी खात होती.

भीमाच्या कनातीच्या आत तळणीचा वास कोंडला होता. बाहेर पाळणे करकरत होते. सिद्धाप्पानं मशीनची उभी पेटी उघडली. आवाजाचा बोर्ड वर, स्पीकर खाली पायाशी. रेडिओवाल्यांची एक जुनी रीत आहे. आवाजाच्या बटणामागच्या टोकाला बोट टेकवायचं. भोवतालच्या विजेची गुणगुण माणसाच्या अंगात असतेच. पुढचं सगळं ठीक असलं की ती स्पीकरमधून घुमते. त्यानं बोट टेकवलं. गुंऽऽ असा आवाज आला, पण जरा फाटका. स्पीकरची तार बघायला तो खाली वाकला.

"भीमा, बोट ठिव की हितं. झटका बसत न्हाय."

भीमानं बोट ठेवलं. स्पीकर गप्प.

"नीट दाब."

"दाबलंय की, अण्णा..."

सिद्धाप्पा उठला. बोट बरोबर टोकावर होतं. ते सारून त्यानं स्वतःचं ठेवलं, गुंऽऽ झालं. पुन्हा भीमाचं ठेवलं, काही नाही. ओलं करायला लावलं, तरी नाही. शेजारच्या दुकानातली बांगडीवाली शरणम्मा डोकावली, तर तिचंही बोट ठेवून पाहिलं. घुमलं. ती हसत निघून गेली.

वाळक्या लाकडानं शिवलं तर असं गप्प राहतं. माणसाच्या बोटानं राहिलेलं सिद्धाप्पानं पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अण्णा... अव्वाला सांगू नगंस," भीमा हळूच म्हणाला. "लई दमून आलोय मी... ऱ्हाऊ दे मला."

बोर्डावरची एक तार सुटलेली सिद्धाप्पाला आता दिसली. दोन मिनिटांचं काम. पेटी मिटून 'होत नाही' म्हणायलाही दोनच मिनिटं लागली असती, आणि तेच म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कनात बाजूला सारून निंगव्वा आत आली. अंगावर ठेवणीतलं इरकल लुगडं होतं.

"झालं का रं? ऱ्हातूय का माजा भीमा?"

तिच्या तोंडाकडे बघून त्यानं सुटलेल्या तारेला कथलाचा डाग दिला. मशीन टिणटिणलं. म्हातारी पदरात तोंड घालून रडली.

भीमा राहिला. मशीन सिद्धाप्पाच्याच दुकानात पुढे मांडलं, पोरांची झुंबड उडू लागली. पण सिद्धाप्पाच्या डोक्यातला किडा गेला नाही. आई डबा घेऊन आली की तो एखादा उघडा रेडिओ पुढे ओढायचा. "अव्वा, जरा बोट ठिव."

पहिल्या आठवड्यात गुणगुण नीट आली. पुढच्या आठवड्यात बटण पुरतं फिरवावं लागलं. आज त्यानं स्पीकरला कान लावला, श्वास रोखला, तेव्हा कुठं काहीतरी आल्यासारखं वाटलं.

"लई बरं वाटतंया मला," निंगव्वा म्हणाली. तोंडावर तेज होतं. "तुजं बी बघ की बोट लावून."

पुढे मशीनवर भीमा एकटाच खेळत होता. त्यानं मान वळवून दोघांकडे पाहिलं.

"माजं काल बघितलंय, अव्वा, असाच कान लावून," सिद्धाप्पा म्हणाला, आणि त्यानं रेडिओ बंद केला.