साऱ्या गावाचं चालणं

तळवडीत आता एकच माणूस चालायचा, त्र्यंबकराव खोपडे. बाकीचं गाव दंडावर चकती चिकटवून बसलेलं आणि तरीही ठणठणीत. साखर, रक्तदाब जागच्या जागी. नव्वदीतल्या म्हाताऱ्या दातांनी सुपाऱ्या फोडत.

चालणारा स्नायू नुसता पाय उचलत नाही, तो रक्तातून निरोप धाडतो. यकृताला सांगतो, साखर आवर. धमन्यांना सांगतो, सैल व्हा. मेंदूला सांगतो, खुशाल झोप. या निरोपी रसायनांना डॉ. शर्वाणी लोखंडे यांनी नाव दिलं 'सांगावा'. त्र्यंबकरावांच्या रक्तातला सांगावा डॉक्टरबाईंचं यंत्र हुबेहूब उतरवून चकत्यांत भरी. त्याला रोजचं ताजं चालणं मात्र लागे.

पूर्वी टेकडीवर टोळकं असे. चढताना राजकारण, उतरताना भांडण. चकती आली आणि एकेक गडी गळाला. शेवटी एकनाथही म्हणाला, तू चालतोयस ना, मग झालं की. बायको अनसूया गेल्यापासून त्र्यंबकराव बोलायला माणूस मिळावं म्हणून चढत. आता उत्तर द्यायला तित्तिर तेवढे उरले.

मग गाव गप्प होऊ लागलं. माणसं भरल्या घरात दाराकडे बघत बसत. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि ओशाळून त्र्यंबकरावांकडे आल्या.

"काका, तुमच्या सांगाव्यात एक निरोप जास्तीचा आहे. गावाला तुमचा एकटेपणा लागलाय."

"मग चालणं थांबवू?"

"थांबलात तर सगळे आजारी पडतील. स्वतःचे पाय आहेत कुणाला आता? तुम्हाला सोबत मिळाली, तर तो निरोप जाईल."

त्र्यंबकरावांना हसू लपवता येईना. अख्खं गाव सोबतीला आसुसलेलं, आणखी काय हवं? ते तडक एकनाथकडे गेले. तो ओट्यावर बसला होता, भोवती सुना-नातवंडं, डोळ्यांत पाणी.

"ऊठ लेका, टेकडीवर चल. बरं वाटेल."

एकनाथनं त्यांच्याकडे पाहिलं, पत्ता चुकलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

"तू नकोस रे," तो हळूच म्हणाला. "एक बाई आहे. चढणीला पदर खोचून पुढं पळणारी. कोण, ते आठवत नाही. ती आली तर उठेन."

त्र्यंबकराव दुसऱ्या दारी गेले, तिसऱ्या दारी गेले. गल्लीभर धडधाकट माणसं उंबऱ्यांवर बसून अनसूयेची वाट बघत होती. तिचं नाव ठाऊक असलेला एकटा माणूस टेकडीकडे वळला. उद्याच्या चकत्या भरायच्या होत्या.