सर्वपित्रीनंतर अपडेट

टोपी बाजारात तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. खाली घाऊक दुकानं. हातगाड्या, गठ्ठ्यांची आदळआपट, हमालांच्या शिव्या, सगळं वर येतं. मला मात्र ते कानातल्या यंत्रातून येईल तेवढंच. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे खरखर कशानं होते ते मला कळतं. आणि जन्मभर गप्पा हाणल्या, त्यामुळे घरात माझं कुणी खरं मानत नाही. लहानपणी मी किल्ल्यावरच्या तोफेत मांजराची पिल्लं वाढवली, हे आमच्या सुधाला लग्नापासून पटलेलं नाही. पुढचं मात्र तिच्यावरच गुदरलंय.

पितृपक्ष लागला त्याच आठवड्यात यंत्राची नवी आवृत्ती आली. सून रुचिका माझा फोन घेऊन समोर बसली.

"बाबा, दोन मिनिट का काम है. अपडेट करून टाकते."

"त्यानं काय होणार?"

"बाकीची खडखड गाळेल आणि माणसाचं बोलणं साफ आएगा. आईंनी आतून हाक मारली तरी ऐकू येईल तुम्हाला."

सुधाला साखरेचा आजार. श्रावणात न्हाणीघरात तिला चक्कर आली, तिनं हाका मारल्या, आणि मी बाहेर निवांत पेपर वाचत होतो. मुलगा समरजीत आणि रुचिका कामावर जातात. दिवसा घरात आम्ही दोघंच.

"सर्वपित्री होऊ दे," मी म्हणालो. "पितृपक्षात नवीन काही घेत नाहीत."

"पण हे तर फुकट आहे, बाबा."

"फुकट असलं तरी नवीनच ना."

सुधा आतून काहीतरी बोलली. रुचिकानं ते मला ओरडून सांगितलं, "आई म्हणतायत, आता यंत्राचंही सोवळं पाळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज पहिल्यांदा आला. कट् कट्, जरा थांबून एक लांब कट्. मी यंत्र काढलं, पुसलं, सेल बदलला, फोन दूर ठेवला. कट् कट्, थांबून कट्. यंत्र काढलं की बंद, घातलं की सुरू. खरखरीला अशी लय नसते. ही लय माझ्या ओळखीची होती.

आमचे दादा, माझे थोरले भाऊ कृष्णराव, जेवणानंतर अशीच सुपारी कातरत. मी पोरवयात गच्चीवर बिडी ओढायचो तेव्हा दादा खाली ओट्यावर पहाऱ्याला बसायचे. वडील येताना दिसले की अडकित्ता न थांबता भराभर वाजायचा, आणि मी बिडी विझवायचो. दादा गेल्या साली गेले. अडकित्ता तेराव्याला गुरुजींना दानात दिला. आता घरात सुपारी कुणी खात नाही.

मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर तोफेतल्या पिल्लांना आणखी एक भावंड मिळालं असतं. रोज दुपारी मी तो आवाज ऐकत बसू लागलो. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

दशमीला दादांचं श्राद्ध. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ते मीच करतो. गुरुजींचं जेवण होईपर्यंत सुधा तोंडात काही घालत नाही; साखरेची गोळी मात्र तिनं नेमानं सकाळीच घेतली होती. दुपारी गुरुजी हात धुवायला उठले, समरजीत त्यांना पाणी घालत होता, रुचिका पानं मांडत होती. कावळ्याचं पान घेऊन सुधा गच्चीवर गेली.

आणि अडकित्ता वाजू लागला.

यावेळी न थांबता. भराभर.

मी उजवीकडे मान वळवली, आवाज कमी झाला. जिन्याकडे वळवली, वाढला.

मी जिना चढलो. या गुडघ्यांनी.

वरच्या पायरीवर सुधा भिंतीला टेकून बसली होती. घामानं भिजलेली, डोळे अर्धे मिटलेले. मांडीवर कावळ्याचं पान, त्यातला भातसुद्धा सांडला नव्हता.

आवाज थांबला होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अंकलजी, बिलकुल टाइम पर ले आए. शुगर एकदम गिर गई थी. आपको पता कैसे चला?"

"आवाज आई थी," मी म्हणालो.

"आवाज कुठला," सुधा पलंगावरून पुटपुटली. "माझी तर जीभसुद्धा उचलत नव्हती."

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझी गोष्ट मधे न हसता ऐकली.

घटस्थापनेच्या सकाळी रुचिका पुन्हा फोन घेऊन आली. माझा हात पुढे होईना. नव्या आवृत्तीत खडखड गाळली जाणार, आणि दादा त्या खडखडीतच होते. पण सुधाला पुन्हा चक्कर आली आणि तिनं हाक मारली, तर ती मला ऐकू यायला हवी होती.

"करून टाका," सुधा म्हणाली. "दादांना किती दिवस पहाऱ्याला बसवणार?"

मी मनातल्या मनात दादांना नमस्कार केला आणि बटण दाबलं.

काय सांगू. बाजार एकदम दूर गेला, आणि सुधाच्या बांगड्या, तिचा श्वास, तिचं "ऐकू येतंय का?" असं लख्ख आलं की माझे डोळे भरले. रुचिकाला मी दोनदा शाबासकी दिली. दादांचे उपकार तर कसे फेडू. दुपारभर सुधा आतून उगीच हाका मारत होती आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत होतो.

चारच्या सुमाराला ती चहा घेऊन आली, कप ठेवला आणि थबकली. तिचे कान चांगले आहेत. तिला कधी यंत्र लागलं नाही.

"अहो, कोण सुपारी कातरतंय?"

मी कान दिला. तिचा श्वास. बांगड्या. बाकी शांत.

"कुठून येतोय?"

"तुमच्या खुर्चीच्या मागून." तिनं पदर घट्ट धरला. "थांबतच नाहीये. भराभर चाललाय."

मी उठलो. खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली, बसलो, तिचा हात हातात घेतला.

"आता?"

सुधा माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"तोही तुमच्याबरोबर सरकला," ती म्हणाली.