देवीच्या पावलाची जागा

नवजात कक्षातल्या अकराही बाळांच्या छातीत तालदोर होता. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र दुबळ्या हृदयाला ठोका सुचवतं. निरोगी हृदय काही घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत राहतं, आणि तेवढ्यातच त्याला विसावा मिळतो. वाद्यावर माणसाचा हातही असाच मागेपुढे होतो. म्हणून तालदोराला शिकवायला हजारो तास हलगी, ढोलकी, संबळ ध्वनिमुद्रित केले आणि एकेका ठोक्याला त्याचं नाव, त्याची वेळ चिकटवली. त्याच संग्रहावरून पुढे यंत्रं अंगाया गायला शिकली, पाळण्यावरची खेळणी वाजायलासुद्धा.

हे चिकटवायचं काम वृषालीने नऊ वर्षं केलं होतं. आज ती अकराव्या काचपेटीपाशी उभी होती. आत तिची बावीस दिवसांची अन्वी, सगळ्यांत अशक्त, निळसर पडत चालली होती.

"हृदय थकतंय," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "तालदोर अगदी एकसारख्या अंतराने ठोके देतोय. संबळाच्या नोंदी पाहिल्या, तिसरा ठोका एकदाही मागे नाही. इतकं नेमकं माणूस वाजवतो?"

वृषाली पेटीकडे वळली. "मागे होता. पडद्यावर लाल दिसायचा. मला वाटलं चुकलाय, म्हणून मी ओढून रेघेवर आणायचे. आम्ही सगळ्याच आणायचो."

"मूळ ध्वनिमुद्रण?"

"दुरुस्त झालं की पुसायचं. नियमच होता."

"अरे देवा."

"मग तुम्हीच घाला ना मधे थोडा फरक!"

"घातला. हृदय दचकलं. नुसता फरक नाही चालत. मागचा ठोका आठवून पुढचा रेंगाळला पाहिजे. ते हातालाच येतं. त्या संबळवादकाला आणा. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

हरिबा रेणके दुपारी आले, गोंधळाला निघाल्यासारखे, कमरेला संबळ बांधून.

"तिसरं टिपरू मी रोखून धरायचो, बाई. देवीनं पाऊल टाकावं म्हणून. तेवढी जागा ठेवायची, असं माझा बा सांगायचा."

"तेवढीच जागा हवीय, बाबा. पाया पडते तुमच्या."

डॉक्टरांनी कक्षात दिवसरात्र वाजणारी यंत्राची अंगाई बंद करायला लावली. हरिबांनी वाजवलं. पडद्यावर तिसरा ठोका सरळ रेघेवर. पुन्हा वाजवलं. सरळ.

त्यांनी टिपरी खाली ठेवली. "नातवंडं संबळ तुमच्या मशीनवरनं शिकली. मी रेंगाळलो की हसायची, 'आजा चुकला, आजा चुकला!' त्यांच्यासंगं वाजवून वाजवून माझाबी हात तसलाच झाला, बाई."

डॉ. तांबोळींनी वृषालीच्या मनगटाला तार जोडली. "थोपटा तिला. आईचा हात आहे, बघू."

वृषालीने पेटीत हात घातला. थोपटलं. डोळे मिटून थोपटलं. "ठेवतेय ना मी जागा? डॉक्टर, ठेवतेय ना?"

डॉ. तांबोळी पडद्याकडे बघतच नव्हत्या. उरलेल्या दहा पेट्यांपाशी दहा आया आपापल्या बाळाला थोपटत होत्या. अंगाई बंद होती, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. हात मात्र सगळ्यांचे एकदम वर जात होते, एकदम खाली येत होते.