हजाराच्या आत मागे कुणी नाही

गल्ली अरुंद होती आणि धुकं अजून उठलं नव्हतं. तिची नवीकोरी मोटारसायकल इतकी हळू चालली होती, की खांद्यावर लांबलचक फळी घेतलेला एक माणूस चालत चालत तिला मागे टाकून पुढे गेला. पुढे जाऊन थांबला आणि वळला. त्याच्याबरोबर फळीही वळली. ती वाकली म्हणून वाचली.

"अरे देवा! लागलं नाही ना?"

"नाही लागलं. पण खांद्यावर आगगाडी घेऊन वळताना माणसानं शिट्टी तरी वाजवावी."

तो हसला. त्याच्या केसांत, भुवईवर, कानाच्या पाळीवरसुद्धा लाकडाचा भुसा होता. "गाडी बंद पडलीय का? ढकलून देऊ?"

"चालू आहे."

"चालू आहे? आणि मी चालत पुढे गेलो?"

"नवी आहे हो. इंजिन बसायचंय अजून."

"बरं बरं... बसू द्या निवांत. मी पुढे जाऊन चहा ठेवतो, तोवर पोचालच!"

तिनं हेल्मेटची काच तेवढी खाली ओढली, कारण हसू आलेलं त्याला दिसायला नको होतं.

गाडी तिची होती, पण नेम बाबांचे होते. बाबांनी उभा जन्म बस चालवली आणि एकाही नव्या बसला कधी पहिल्या महिन्यात ओरडू दिलं नाही. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी टाकीवर हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि म्हणाले, "हे बघ बाळ, नवं इंजिन म्हणजे नव्या घरात आलेली मुलगी. आल्या दिवशीच सगळा भार टाकलास, तर जन्मभर कुरकुरेल. आतले भाग अजून एकमेकांना अनोळखी आहेत. थोडे घासतील, थोडे झिजतील, मग एकमेकांत बसतील. सकाळी चालू केलीस की मिनिटभर गरम होऊ दे. चाळिसाच्या वर नेऊ नकोस. पण एकाच वेगानं रेटूही नकोस, कधी हळू, कधी जरा मोकळी सोड. लांब गेलीस तर मध्ये सावलीत विसावा दे. आणि हजार किलोमीटर होईपर्यंत मागे कुणी नाही. कुणी म्हणजे कुणी नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मी तर नाहीच. माझं वजन बघितलंस का?"

तिनं मान डोलावली. एकदा धरलेला नेम मोडायचा नाही, हे तिच्या अंगातच होतं.

ती दवाखान्यात नर्स होती. सकाळी घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, बाळंतिणींची विचारपूस करायची, तान्ह्या बाळांची वजनं घ्यायची आणि दुपारी दवाखान्यात. त्या दुपारी ती मागच्या अंगणात आली, तर झाडाखाली सुताराच्या लाकडी घोडीवर तीच फळी आडवी आणि तोच माणूस तिच्यावर रंधा मारत उभा. औषधांची नवी कपाटं त्यालाच करायची होती.

"या, हळूबाई!" तो म्हणाला. "पोचलात म्हणायच्या!"

"मला इथे सगळे सिस्टर म्हणतात."

"म्हणू देत ना सगळे." त्यानं रंध्यातली सालपटं फुंकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी नाही म्हणणार. ते नातं आपल्याला नाही परवडायचं."

तिचे कान तापले. सकाळी चालू केल्यावर इंजिन तापावं, तसे हळूहळू.

मग रोजच्या दुपारी त्या अंगणात विरघळू लागल्या. ओल्या लाकडाचा गोडसर वास, पानांतून गळणारं ऊन, रंध्याची लयीतली सरसर... आणि डबा खाताना चाललेलं बोलणं, ज्याला ना बूड असे ना शेंडा. तिची गाडी झाडाच्या पलीकडच्या सावलीत उभी असायची. तो येताजाता विचारायचा, "काय, बसलं का इंजिन?"

"घाई कसली आहे मिस्त्री तुम्हाला?"

"मला कसली घाई! आमच्यातही असंच असतं. कपाटाचा नवा खण आधी अडकतोच. त्याला ठोकायचं नाही. रोज थोडा ओढायचा, थोडा लोटायचा... एक दिवस बोटानं सरकतो."

असं म्हणणारा माणूस शहाणाच असणार, असं तिला वाटलं. प्रेमात पडू लागलेल्या माणसाला काय, काहीही वाटतं.

मग एका दुपारी रंधा मध्येच थांबला.

"डोंगरापलीकडे नवी शाळा बांधतायत. दारं-खिडक्या मला मिळाल्यात. शनिवारी निघायचंय."

"अरे वा," ती म्हणाली. आवाज मात्र वा म्हणण्यासारखा निघाला नाही. "किती दिवस?"

"सहा महिने. जास्तही लागतील." तो पटाशीची धार अंगठ्यानं चाचपत राहिला. "एक मागू? जायच्या आधी एकदा मला मागे बसवा. गल्लीच्या टोकापर्यंत बस्स. मला... एक विचारायचंय."

"मग विचारा की. इथे कोण ऐकतंय?"

"तुमच्याकडे बघून नाही जमत. चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा खिळे मागितले. तुमच्या पाठीला विचारेन म्हणतो..."

काय विचारायचंय ते तिला कळलं होतं. तो खिळे मागायचा आणि ती मुकाट्यानं आणून द्यायची, तेव्हापासूनच कळलं होतं. उत्तरही तयार होतं. पण नेम?

"हजाराच्या आत मागे कुणी नाही," ती हळूच म्हणाली. "अजून बरेच बाकी आहेत. शनिवारपर्यंत... नाही होणार."

त्यानं मान खाली घातली आणि रंधा उचलला.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं गाडीला चावी लावली, आणि मीटरवर हजाराच्या वरचा आकडा! तिनं डोळे चोळले. सकाळी आकडा पाहिला होता का आपण? नीट पाहिला नसेल... त्या बाळंतिणीच्या घरी दोनदा जावं लागलं होतं ना? मन म्हणालं, झाले असतील गं, मोजते कशाला! आणि तिनं मनाचं ऐकलं. घरी येऊन ओरडलीच, "बाबा, हजार झाले! पहिलं ऑइल बदला, आत्ताच्या आत्ता!"

बाबांनी खाली थाळी ठेवून नट सोडला. ऑइलचा थेंब बोटांत घेऊन दिव्यापाशी धरला. टाकीचं झाकण काढून आत डोकावले.

"मीटर म्हणतंय झाले," ते म्हणाले, "पेट्रोल म्हणतंय नाही." मग पुढच्या चाकापाशी, जिथून मीटरची केबल वर जाते तिथे, ते खाली बसले. नटावर पकडीचे ताजे ओरखडे होते आणि ग्रीसमध्ये चिकटला होता लाकडाचा भुसा. बाबांनी तो चिमटीत धरून तिच्यापुढे केला. "दवाखान्यात सुतारकाम चाललंय का गं?"

तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हींत रडू जिंकलं.

सकाळी ती बसथांब्यावर गेली. तो हत्यारांच्या पेटीवर बसला होता. तिला पाहून आनंदानं उठला आणि तिचा चेहरा पाहून परत बसला.

"कसं केलंत?"

"ड्रिलला केबल जोडली," तो पुटपुटला. "तुम्ही आत होतात तेव्हा. दुपारभर धरून होतो. हात अजून थरथरतायत."

"मीटरला फसवता येतं हो. इंजिनला कसं फसवणार?"

"माझं चुकलं."

"माझंही." ती म्हणाली. "आकडा खोटा वाटत होता मला. तरी खरा मानला, कारण तो खरा असावासा वाटत होता. तुम्ही मागे बसला असता, विचारलं असतं, आणि मी काहीतरी बोलून गेले असते. अशा गोष्टीचा पायाच खोटा कसा चालेल?"

"मला भीती वाटली. मी गेलो की तुम्ही..."

"खण ठोकायचा नसतो म्हणाला होतात ना?"

तेवढ्यात बस आली. त्यानं पेटी चढवली. काही न विचारता, काही न मागता तो गेला. खिडकीतून एकदा बघितलं, तेवढंच.

पुढचे दिवस फार लांब गेले. अंगणात सालपटं उरली होती, तीही वाऱ्यानं नेली. गाडी चालत होती, मीटर फिरत होतं, पण आता तिला आकड्याकडे बघवत नव्हतं. रागावली होती ती. पण रागही कसा, रोज सकाळी शोधावा लागायचा.

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "पेट्रोलवरून हिशेब केला मी. खरे हजार व्हायला अजून दीडएकशे बाकी आहेत."

"होतील सावकाश."

"डोंगराच्या रस्त्यानं गेलीस तर एकाच दिवशी होतील. इंजिनलाही चांगलं. चढ-उतार मिळाले की छान बसतं." त्यांनी ताटाकडे बघत घास घेतला. "पलीकडे तुझी मावशी आहेच. मुक्कामाला येतेय म्हणून कळवलंय तिला."

"बाबा! कधी कळवलंत?"

"परवा. तू अजून रागात होतीस तेव्हा."

पहाटे ती निघाली. मोठा रस्ता सोडून गावागावांतून. कुठे गुरं आडवी आली म्हणून हळू, कुठे उतार लागला म्हणून जरा मोकळी. चढावर इंजिन धापा टाकू लागलं की ती झाडाखाली थांबायची आणि तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकत गवतात बसायची. ढग इतके खाली उतरले होते, की वाटे आपण रस्त्यावरून नाही, कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय. आणि मग शेवटच्या वळणानंतर, कधी ते तिलाही नीट कळलं नाही, इंजिनचा आवाज बदलला. खरखर गेली. कुणी मनातल्या मनात गुणगुणावं, तसा एकसंध सूर राहिला.

शाळेपाशी तो शिडीवर होता, खिडकीची चौकट धरून. आवाज ऐकून त्यानं खाली पाहिलं आणि चौकट सुटता सुटता राहिली.

"तुम्ही? एवढ्या लांब... एकट्या?"

"उरलेले पूर्ण करायचे होते." तिनं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते. "पेट्रोल मोजून भरलं होतं. हवं तर पडताळून बघा."

तो खाली उतरला. समोर उभा राहिला. तोंड उघडलं... मिटलं.

"खिळे हवेत का?" तिनं विचारलं.

"नकोत." तो तिच्याकडे बघत होता, सरळ डोळ्यांत. "लग्न करशील माझ्याशी?"

"करेन."

इतकं साधं होतं ते. दोघंही जरा वेळ गोंधळून उभी राहिली, दार इतकं सहज उघडल्यावर माणसं राहतात तशी. मग तिनं चावी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता मावशीकडे घेऊन चल मला. दिवसभर मी चालवलीय, पाठ दुखतेय. मागे मी बसणार."

त्यानं गाडी चालू केली आणि मिनिटभर तशीच गरम होऊ दिली. ती मागे बसली. त्याच्या शर्टातून लाकडाचा वास येत होता.

"आता पळवायला हरकत नाही हं," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि गाडी इतकी हळू निघाली, की गावातल्या जुन्या शाळेतून सुटलेली पोरं चालत चालत त्यांच्या पुढे गेली.