पडद्याच्या कडेचे ठिपके

खालचे वारले त्याला थोडेच दिवस झाले होते, आणि बाई भर दुपारी यंत्राचा आपला पडदा नीट लावायला बसली. काम साधंच होतं. घरातलं माणूस गेल्यावर त्याची खाट हलवतात ना, तसलंच.

बाई टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होती आणि खालचे नदीवरच्या पंपघरात. टाकी भरली की पंप बंद, उतरली की चालू. म्हणून ती वरची आणि ते खालचे. दोघं आपापल्या खोलीत एकटी. मोठं यंत्र बाईच्या खोलीत, आणि त्यावर ते टर्मिनल मल्टिप्लेक्सर का काय म्हणतात ते बसवलेलं. नावाला घाबरू नका. एका काळ्या पडद्याचे कप्पे पाडायचे, एकात टाकीची पातळी, एकात पंप, आणि तळाला बोलायची एक चिंचोळी पट्टी. गंमत अशी की दोन माणसं दोन ठिकाणांहून तोच पडदा उघडू शकतात. इकडे बाईनं अक्षर टाकलं की तिकडे उमटलं. म्हणजे एकाच ताटात दोघं जेवल्यासारखं.

पण त्यात एक खोड होती. ज्याचा पडदा लहान, त्याच्या मापाचं सगळ्यांना मिळतं. खालच्यांकडे जुना, बुटका पडदा. ते आले की बाईचा ऐसपैस पडदा आखडायचा आणि उरलेल्या जागेत नुसते ठिपके. कपाळावर हात मारून ती लिहायची, "अहो खालचे, तुमच्या त्या डबड्यापायी माझं अर्धं अंगण ठिपक्यांत जातं!"

"नाचायचंय का अंगणात?" उत्तर यायचं.

सगळी मांडणी त्यांचीच. तळाशी हिरवी पट्टी, तिच्यावर कोण कोण आलंय त्यांची नावं: वरची, खालचे. बाईला ती पट्टी वर हवी होती आणि निळी हवी होती. वर्षानुवर्षं त्यावरून तंडत होती दोघं. समोरासमोर भेट अशी फारशी नाहीच. पण बाईचा नवरा गेला तेव्हा दिवसभर त्या पट्टीत एकच वाक्य राहिलं होतं: "मी बसलोय इथं." दुसऱ्या कोणी तेवढंही केलं नव्हतं.

आणि एके सकाळी खालचे खुर्चीतच गेले. पंप चालूच.

वायरमन त्यांचा पडदा उचलून टाकीवर घेऊन आला. "कुठं ठेवू, बाई?"

"ठेव माझ्या डोक्यावर! मागच्या खोलीत ठेव, अजून कुठं?"

"तिकडची पडद्याची लाइन तोडली बरं का, पंप आपोआप चालेल. आता सगळं राज्य तुमचंच."

"राज्य! प्रजा कुठाय?" बाई म्हणाली. वायरमन हसला, पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि टेकडी उतरून गेला.

मग बाईनं मांडणीची फाइल उघडली. हिरव्याचं निळं केलं. पट्टी तळातून वर नेली. कप्प्यांच्या रेघा बारीक केल्या. यंत्राला फाइल पुन्हा वाचून घ्यायला सांगितली आणि पडदा बदलला. या कडेपासून त्या कडेपर्यंत मोकळा, देखणा. सामान हलवलेल्या खोलीसारखा. खोकलं तर घुमेल असा.

भांडायलाच कोणी नव्हतं. बाईला राग आला. मेलेल्या माणसाचा येतो तसला, धड कुणावर काढता न येणारा. बोलायच्या पट्टीत तिनं दणादणा लिहिलं, "केली बघा निळी. या आता भांडायला."

बाहेर ऊन रणरणत होतं. नळातून पंपाची घरघर येत होती, खोलीत टाकीच्या औषधाचा वास.

आणि पडदा आखडला.

उजवीकडून, खालून, ठिपकेच ठिपके. मधे उरला तो बुटका आडवा चौकोन. बाईनं ते माप झोपेतसुद्धा ओळखलं असतं. निळ्या पट्टीवर नाव आलं: खालचे.

बाई उठली. मागच्या खोलीचं दार ढकललं. पडदा भिंतीकडे तोंड करून तसाच होता, तुटकी वायर गुंडाळलेली. तिनं हात लावला. गार होता. ती परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि लिहिलं, "आलात?"

पट्टीत लिहायच्या जागेची खूण लुकलुकली. मग एक एक अक्षर...

"आलो. हिरवी करा ती."

आता कुणीही म्हणेल, पळायचं की नाही? कुठं पळायचं? घरी चार भिंती आणि इथं चार भिंती. इथल्या बोलत तरी होत्या. बाईनं मुकाट्यानं पट्टी हिरवी केली आणि तळाशी नेली.

मग ते रोज दुपारी यायला लागले. फार लिहायचे नाहीत. "पाणी उतरलं बघा." "जेवलात?" एवढंच. पण बाई डबा पडद्यासमोर उघडायला लागली, केस विंचरून यायला लागली. बहिणीनं फोनवर विचारलं, "काय गं, आवाज बरा येतोय तुझा?" "बराच आहे मग," बाई म्हणाली आणि ठेवून दिला.

एका दुपारी चौकोन त्यांच्या मापापेक्षाही आखडला. दोन्ही कडा आत सरकल्या. चौकोन उभा झाला, अरुंद, दाराच्या फटीएवढा.

बाईनं लिहिलं, "काय हो, होता तो डबडाही विकलात?" एका ओळीत मावेना. शब्द तुटून खाली खाली पडले.

"हा मी नाही."

बाईनं पट्टीकडं पाहिलं. वरची. खालचे. आणि पुढं एक रिकामी जागा, नाव लिहायला सोडावी तशी.

"मग कोण?"

"माहीत नाही... माझ्या मागून आला. मी येतो ती वाट उघडी राहते."

नळातली घरघर थांबली होती. टाकीच्या औषधाचा वास जाऊन ओल्या, कुजक्या कापडाचा वास येत होता. उभा चौकोन अजून थोडा आवळला.

"सगळ्यांना काढा, बाई. मलाही."

ती कळ बाईला ठाऊक होती. आपण सोडून बाकी सगळ्यांना पडद्यावरून हाकलणारी. खालच्यांनीच शिकवली होती, कधी चुकून कोणी घुसलं तर म्हणून. त्यात निवड करायची सोय नव्हती. काढायचे तर सगळेच.

"तुम्हाला नाही काढणार," तिनं लिहिलं. "त्याला म्हणावं, चालता हो. माझ्या खोलीत माझं चालतं."

रिकाम्या जागेत एक अक्षर उमटलं. 'व'. थोड्या वेळानं त्याच्यापुढं दुसरं. 'र'. तो बाईचंच नाव लिहीत होता.

"बाई... हट्ट सोडा. मी बसलोय तिकडं."

बाईनं खालच्यांना एक कडकडीत शिवी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि कळ दाबली.

झटकन पडदा मोकळा झाला. पट्टीवर एकच नाव, वरची. नळातून घरघर पुन्हा सुरू झाली. बाई माठातलं पाणी प्यायली, भांडं आपटून ठेवलं, आणि मग मागच्या खोलीत जाऊन त्या गार पडद्याला टेकून बसली. रडली की नाही ते तिचं तिला ठाऊक.

उठून आली तेव्हा ऊन कललं होतं. तिनं पट्टी पुन्हा निळी केली, वर नेली. यायची वाटच राहू नये म्हणून त्यांची सगळी मांडणी पुसून टाकली. आणि तेव्हा तिला दिसलं.

पडद्याच्या उजव्या कडेला, अगदी टोकाला, वरून खालपर्यंत ठिपक्यांची एकच ओळ.

तिनं कोण कोण जोडलंय ते विचारलं. यंत्र म्हणालं, तुम्ही एकट्याच. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पण ठिपके कधी येतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जो कोणी आहे त्याचा पडदा तिच्याएवढाच होता, एका अक्षराचा काय तो फरक. खुर्चीमागं उभं राहून तिच्या खांद्यावरून पाहणाऱ्याला जेवढं दिसेल, तेवढा.

तिनं वळून पाहिलं नाही. फाइल उघडली आणि ठिपक्यांचा रंग काळा केला. काळ्यावर काळा. मिटली कटकट.

बाई अजून टाकीवरच आहे. पडदा बघून पाहुणे म्हणतात, काय सुरेख लावलाय! ती मान डोलावते. फक्त लिहिताना ओळ कडेला पोचत आली की हात आखडता घेते. कारण ओळ काही शेवटपर्यंत जात नाही. कडेला एका अक्षराची जागा असते, आणि तिथं काहीही लिहिलं तरी ते मुकाट्यानं खालच्या ओळीत जाऊन बसतं.