जाळे सांधणारा पाठमोरा माणूस

हर्णे बंदरात भागोजींचे नाव होते ते त्यांच्या नेमस्त स्वभावामुळे. संध्याकाळी पुळणीवर मासळीचा लिलाव सुरू झाला, म्हणजे इतर व्यापारी आरडाओरडा करून भाव पाडू पाहत. भागोजी मात्र पापलेटचा कल्ला बोटाने उचलून पाहत, एकदाच आकडा उच्चारत आणि मौन धरत. जे डोळ्यांना दिसते आणि बोटांना लागते तेवढेच खरे, हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवहार. देवावर त्यांची श्रद्धा होती. भुताखेताच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत.

अशा या गृहस्थांनी सन २००९ च्या श्रावणात, नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात उतरल्यावर, खेडला जाऊन भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही विकत घेतला. गणपतीच्या आत टीव्ही आलाच पाहिजे, असा त्यांच्या पत्नीचा, तुळसाबाईंचा, आग्रह होता. आणि त्या आग्रहामागे मैनाची काळजी होती.

मैना ही भागोजींच्या धाकट्या भावाची, शिवाची, बायको. बारा वर्षांपूर्वी शिवा वादळात होडीसह गेला. होडीची एक फळी आंजर्ल्याच्या खाडीत लागली. शिवा कुठेच लागला नाही. प्रेत हाती आले नाही म्हणून मैनाने कुंकू पुसले नाही, हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या नाहीत. अशा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या काड्यांचा व दर्भाचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, त्याला अग्नी द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत होती. त्यानंतर हरवलेला माणूस मेलेला ठरतो आणि त्याच्या जिवाला वाट मिळते. येत्या पितृपक्षात ती बारा वर्षे पुरी होत होती. भटजींनी सर्वपित्री अमावास्येचा दिवस सांगितला होता. मैना त्यावर हो म्हणाली नव्हती की नाही म्हणाली नव्हती. तोवर तिचे मन कशात तरी रमावे, एवढाच त्या खरेदीचा हेतू होता.

खेडच्या स्टेशनरस्त्यावर अनस नावाच्या तरुण व्यापाऱ्याचे दुकान होते. तिथे भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्र चाललेले. दवाने भिजलेली फुले, लाल चोचीचा पक्षी, बर्फाचा डोंगर आणि शेवटी कुठल्याशा परदेशातला पांढऱ्या वाळूचा किनारा. फुलाच्या पाकळीवरची शीरसुद्धा मोजता यावी, इतके ते स्वच्छ होते. भागोजी काचेला नाक लावून पाहू लागले, तेव्हा अनस हसून म्हणाला, "काका, तुम्ही टीव्ही घेताय की पापलेट? कल्ला नाय हो ह्याला."

घरी सुताराने चिऱ्याच्या भिंतीत खिळे ठोकून तो संच टांगला. तुळसाबाईंनी कडेने वाकून त्याची जाडी पाहिली आणि एवढ्या पातळ वस्तूत माणसे मावतात तरी कशी, म्हणून नवल केले. पण केबल जोडली तेव्हा सर्वांचाच विरस झाला. जुन्या टीव्हीवर बरी दिसणारी माणसे या मोठ्या पडद्यावर पुसट, पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसू लागली. भागोजींनी अनसला फोन केला. दोष संचाचा नसून केबलचा आहे, असे त्याने समजावले आणि दुकानातली ती फिल्म एका पेन ड्राइव्हमध्ये भरून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडून दिली. संचाच्या कडेला असलेल्या खाचेत ती वस्तू खोचताच फुले, पक्षी, डोंगर आणि किनारा जसेच्या तसे घरात अवतरले. गणपतीच्या दिवसांत आरतीला आलेली माणसे आरती झाल्यावरही हलत नसत. तीच फिल्म पुनःपुन्हा चालू राही.

मैना त्या घोळक्यात बसत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडीत बसे आणि तिथूनच पाहत असे. थोरल्या दिरापुढे ती पदर डोक्यावर घेई आणि त्यांच्याशी कधी थेट बोलत नसे. काही सांगायचे झाले तर ते तुळसाबाईंमार्फत. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, घर मोकळे झाले आणि एका दुपारी ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "वयनी, दादांना सांगा, तो माणूस जाळं सांधतोय. त्याची गाठ बगा म्हणावं."

भागोजींनी ती फिल्म कितीदा पाहिली असेल. माणूस त्यांना कधी दिसला नव्हता. आता त्यांनी चष्मा पुसून पाहिले. पांढऱ्या वाळूवर उपडी घातलेली एक होडी होती आणि तिच्या सावलीत, आपल्याकडे पाठ करून, एक उघडा माणूस बसला होता. मांडीवर जाळे, हातात सुई. जुन्या टीव्हीवर तो मुंगीएवढा ठिपकाच राहिला असता. या पडद्यावर मात्र त्याच्या पाठीवरचे वाळलेले मीठ दिसत होते.

बंदरात प्रत्येक माणसाची जाळ्याची गाठ वेगळी असते. समुद्रात दोन होड्यांची जाळी एकमेकांत अडकली, तर माणसे गाठीवरून आपापले जाळे ओळखून सोडवतात. शिवा डावरा होता. सगळे दोरा अंगठ्याखालून घेतात, तो वरून घेई आणि उलटा पीळ देई. लहानपणी भागोजींनी त्यावरून त्याची पुष्कळ थट्टा केली होती.

पडद्यावरच्या माणसाने डाव्या हाताने दोरा वरून घेतला आणि उलटा पीळ दिला.

जगात डावरे नाखवे पुष्कळ असतील, अशी भागोजींनी स्वतःची समजूत घातली आणि तुळसाबाईंनाही तसेच सांगितले. तथापि त्या दिवसापासून लिलावाहून परतल्यावर ते पाय धुण्याआधी तो किनारा पाहू लागले. त्या जाळ्याला मधोमध मोठे भगदाड होते, मोठ्या माशाने पाडावे तसे. फिल्म एकच, तिची लांबीही तीच. पण भगदाड रोज लहान होत होते. आज ज्या जागी वाळू दिसली, तिथे उद्या जाळ्याची घरे दिसत.

शेवटी त्यांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि खेड गाठले. काय झाले ते न सांगता, ही फिल्म एकदा इथे लाव, एवढेच ते अनसला म्हणाले. फुले झाली, पक्षी झाला, डोंगर झाला. दुकानातल्या सगळ्या पडद्यांवर किनारा उजाडला. वाळू होती, होडी होती. होडीच्या सावलीत कोणी नव्हते.

"इथे एक माणूस बसलेला असतो," भागोजी म्हणाले.

"काका, दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे हीच फिल्म फिरते. ह्याच्यात माणूस कुठून यायचा?" अनस त्यांच्याकडे जरा निरखून पाहत म्हणाला. मग त्याने खुर्ची पुढे केली, पाणी मागवले आणि काकांनी डोळे तपासून घ्यावेत असे आदबीने सुचवले.

भागोजी घरी परतले आणि त्यांनी तोच पेन ड्राइव्ह पुन्हा खाचेत खोचला. माणूस आपल्या जागी होता. मधल्या अवधीत त्याने आणखी एक ओळ पुरी केली होती.

अमावास्या जवळ आली. घरात पळसाच्या काड्या आल्या, दर्भ आला, नारळ आला. आदल्या संध्याकाळी भागोजी ओटीवर बसले असता मैना येऊन उभी राहिली. तुळसाबाई विहिरीवर होत्या. मैनाने पदर डोक्यावर घेतला होता, पण बोलली ती थेट त्यांच्याशी.

"दादा, जाळं हातभर राहिलंय. तेवढं होऊ द्या. जाळं झाल्याबिगर कोण होडी लोटतो का? झालं की तो येईल."

"मैना, ते चित्र हाय."

"मग मी कुंकू कोणाच्या नावानं लावतेय? तो पण चित्रच हाय ना बारा वर्षं?"

भटजींना शब्द दिला आहे, भावकीला बोलावणे गेले आहे, असे काहीबाही भागोजी बोलले. वास्तविक त्यांच्या मनात निराळेच होते. बारा वर्षे हा भाऊ ना जिवंतांत होता ना मेलेल्यांत, आणि त्याच्यापायी ही बाई उंबऱ्यावर बसून म्हातारी होत चालली होती. विधी झाला की दोघेही सुटतील, अशी त्यांची प्रामाणिक भावना होती. आणि किनाऱ्यावरचा तो माणूसही नाहीसा होईल, अशी एक आशा होती, जी त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही.

सकाळी खाडीकाठी भटजींनी काड्या मांडून पुतळा रचला आणि मृताच्या अंगाला लागलेली एखादी वस्तू मागितली. शिवाचे कपडे मैनाच्या ट्रंकेत होते आणि ट्रंकेची किल्ली तिने दिली नाही. विधी अडून बसला. तेव्हा भागोजी घरी आले, माळ्यावर चढले आणि शिवाचे जुने जाळे त्यांनी खाली ओढले. त्याच्या हातच्या गाठी त्यात जशाच्या तशा होत्या. कोयत्याने त्यांनी त्याचा एक चौकोनी तुकडा कापून घेतला. तो पुतळ्याच्या छातीला गुंडाळला गेला आणि पुतळ्याबरोबर जळाला. नायलॉन जळाल्याचा उग्र वास पुष्कळ वेळ पाण्यावरून हटला नाही.

मैनाच्या बांगड्या तिथेच, काठावरच्या दगडावर, फोडण्यात आल्या. ती रडली नाही. हिरवे तुकडे ओहोटीबरोबर खाली गेले.

घरी आल्यावर सुतक म्हणून टीव्हीवर चादर टाकायला तुळसाबाई पुढे झाल्या, पण मैनाने त्यांचा हात धरला आणि बटण दाबले. फुले. पक्षी. डोंगर. किनारा.

माणूस होता.

जाळे जवळजवळ पुरे झालेले होते. मात्र त्याच्या अगदी मधोमध आता एक नवे भोक पडले होते. ते फाटलेले नव्हते. चारी कडा सरळ होत्या, धारदार पात्याने कापावे तशा.

माणसाचा डावा हात हवेत थांबला होता. त्याने मान थोडी वळवली होती. कान आणि गालाची कड दिसत होती, त्याहून अधिक काही नाही.

"कापलंत तुम्ही," मैना हळू आवाजात म्हणाली. "आता एकट्याच्यानं नाय व्हायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे अंथरूण घडी केलेले आढळले. ट्रंक उघडी होती, आतले कपडे तसेच होते. चपला दाराशी होत्या.

बंदरावर ती कोणाला दिसली नव्हती. बैलगाड्या पाण्यात घालून होड्यांवरची मासळी उतरवणाऱ्यांना दिसली नव्हती. भावकीतल्या लोकांनी खडक धुंडाळले, होड्या समुद्रातल्या किल्ल्याला वळसा घालून आल्या, पोलीस येऊन विचारपूस करून गेले. अंगावरच्या पातळाचा धागादेखील मिळाला नाही. भागोजींनी टीव्हीवर चादर टाकली आणि ती कोणी काढायची नाही, असे बजावले.

काही दिवस त्यांनी लिलावाला जाणे सोडले. तुळसाबाईंनी एकदाच विचारले, आता हिच्यासाठीही बारा वर्षे थांबायचे का?

मग एका तिन्हीसांजेला तुळसाबाई देवळात दिवा लावायला गेल्या असता, भागोजींनी स्वतःच चादर काढली आणि बटण दाबले.

फुले. पक्षी. डोंगर.

पांढऱ्या वाळूवर दोन माणसे पाठमोरी बसली होती. पुरुषाच्या हातात सुई होती. त्याच्या शेजारच्या बाईने जाळ्याचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला होता. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या, एकही पिचलेली नाही, आणि उन्हात त्या इतक्या स्पष्ट चमकत होत्या की भागोजींना त्यांवरची सोनेरी नक्षी ओळखता आली.

त्यांना हायसे वाटले. क्षणभर खरोखरच हायसे वाटले.

मग त्यांच्या ध्यानात आले की सुई चालत नाही. जाळे मोठे होते. दोघांच्या हातांत ते पुरते ताणले जात नव्हते, मध्ये झोळ पडत होता. तिसरा काठ वाळूवर पसरून ठेवलेला होता, पाहणाऱ्याच्या बाजूला, अगदी जवळ. तिसऱ्याने येऊन उचलावा म्हणून नीट उलगडून ठेवतात, तसा.

दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिले नाही. दोघेही थांबले होते.

भागोजी खुर्चीत बसले. चित्र पुढे सरकेना. फुले पुन्हा आली नाहीत.

तुळसाबाई परतल्या तेव्हा घरात अंधार पडला होता आणि पडद्याच्या पांढऱ्या उजेडात नवरा बसलेला दिसत होता.

"हे हात असे का धरलेत?" त्यांनी विचारले.

भागोजींनी खाली पाहिले. त्यांचे दोन्ही हात छातीसमोर पुढे आले होते, बोटे चिमटीसारखी मिटलेली. पेरांवर बारीक लाल वळ उमटले होते. हात खाली घ्यावेत म्हणून त्यांनी जोर केला.

पलीकडून ताण होता.